शिफेची आशा आणि आशेचा बाजार

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याच्या हाती जीवन आहे आणि शिफाही आहे. दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



सूरह शुअरामध्ये हजरत इब्राहीम (अ.) आपल्या रबची ओळख करून देतात. घडविणारा तो, मार्ग दाखविणारा तो, खाऊ-पिऊ घालणारा तो, असे सांगून झाल्यावर ते आजाराचा उल्लेख करतात. या ठिकाणी त्यांचा अदब पाहण्यासारखा आहे. आजारी पडण्याची क्रिया ते स्वतःकडे घेतात आणि बरे करण्याची क्रिया अल्लाहकडे सोपवितात. श्रद्धावंताने आजाराकडे कसे पाहावे, याचा पहिला धडा येथेच मिळतो. आपल्या घराघरांत आज मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या आजाराने ठाण मांडले आहे. त्याच्यापाठोपाठ 'स्टेम सेलने किडनी पुन्हा उगवते' अशी आश्वासनेही दारापर्यंत पोहोचली आहेत. म्हणून या विषयावर शांतपणे बोलणे गरजेचे आहे.

कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकाने बोटाला चीर पडते. आपण चिंधी बांधतो, काम संपवितो आणि विसरून जातो. आठवडाभरात तेथे नवी कातडी आलेली असते. त्वचेच्या खालच्या थरात अशा पेशी असतात, ज्या स्वतः टिकून राहतात आणि गरजेप्रमाणे नव्या पेशींना जन्म देतात. शास्त्रज्ञ त्यांना मूलपेशी म्हणतात. बाजारात त्यांचे इंग्रजी नाव 'स्टेम सेल' अधिक चालते. हाडांच्या मगजात अशाच पेशी रात्रंदिवस रक्त घडवीत असतात. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. ती संपते तोवर तिची जागा दुसरीने घेतलेली असते. यकृताचा एक भाग दुसऱ्याला दिला, तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. आपल्या नकळत, आपल्या परवानगीविना, आपल्या देहात ही दुरुस्ती चाललेली असते. तिचा हिशेब आपण कधी ठेवत नाही, म्हणून तिचा शुक्रही आपल्याकडून राहून जातो.

परंतु निर्माणकर्त्याने प्रत्येक अवयवाला ही देणगी सारख्या मापाने दिलेली नाही. एका मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्या सगळ्या आईच्या उदरातच तयार होतात. गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवी चाळणी तयार होत नाही. जन्माला येताना जेवढी पुंजी मिळाली, तेवढ्यावर आयुष्य काढायचे असते. हृदयाचेही बरेचसे असेच आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एक विलक्षण मोजमाप प्रसिद्ध केले. विसाव्या शतकातील अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला एक प्रकारचा कार्बन माणसांच्या पेशींत शिरला होता. त्याच्या आधारे त्यांनी हृदयाच्या स्नायूपेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात आणि पंचाहत्तरीत तो वेग अर्ध्याहूनही खाली येतो, असे त्यांना आढळले. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात मेलेला स्नायू मात्र एवढ्या संथ गतीने भरून येत नाही. त्या जागी वण राहतो, आणि वण धडधडत नाही.

हे आपल्या वऱ्हाडात का सांगावे लागते? पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जो खारपाण पट्टा पसरला आहे, तेथील वाचकांना त्याचे कारण विचारावे लागणार नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण गावोगाव भेटतात आणि लोक त्याचा दोष खाऱ्या पाण्याला देतात. डॉक्टर मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांकडेही बोट दाखवितात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा शेतात राबणाऱ्या शरीरातील पाणी आटते, तेही मूत्रपिंडाला सोसावे लागते. कारणे अनेक असतील, पण डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीन वेळा बसणारा माणूस आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

अशाच एका घरातील दोघे भाऊ काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. धाकटा डायलिसिसवर होता. थोरल्याच्या हातात एका मोठ्या शहरातील केंद्राचे रंगीत माहितीपत्रक होते. "मौलाना, जुम्याच्या नमाजनंतर चंद्याचं एलान कराल का? दोन एकर विकायला काढलं, तरी पैसे पुरत नाहीत," थोरल्याने विचारले. धाकटा खाली पाहत बसला होता. त्या प्रश्नात भावाचे प्रेम होते, घरातले शेवटचे रान होते आणि मशिदीची अमानतही होती. तिन्हींना न्याय देणारे उत्तर द्यायचे तर आधी दीन काय सांगतो आणि मग वैद्यकशास्त्राचे आजचे वास्तव काय आहे, हे पाहावे लागते.

दीनचे म्हणणे स्पष्ट आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या काही अरबांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की आम्ही औषधोपचार करावा का? आपण (स.) होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने म्हातारपण वगळता कोणताही आजार उपायाविना ठेवलेला नाही. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा आहे की तो उपाय ज्याला ज्ञान मिळाले त्याला कळतो आणि ज्याला मिळाले नाही त्याला कळत नाही. या दोन हदीस एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली निराशेचे दार बंद करते. दुसरी सांगते की उपाय अस्तित्वात असणे वेगळे आणि तो माणसाच्या हाती लागणे वेगळे. मधले अंतर ज्ञानाने कापावे लागते. जे अंतर अजून कापले गेलेले नाही, ते कापले गेल्याचे भासवून पैसे घेणे म्हणजे हदीसच्या आडून केलेली फसवणूक होय.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांची घटना आहे. ते आजारी असताना प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस आले आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. त्या हाताचा गारवा साद (रजि.) यांना आपल्या हृदयात जाणवला. तुम्हाला हृदयाचा त्रास आहे, असे सांगून आपण (स.) त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. ज्यांची दुआ सातही आकाशे ओलांडून जाते, ते रुग्णाला जाणकार वैद्याकडे पाठवितात! शिवाय हारिस यांनी इस्लाम स्वीकारला होता की नाही, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. वैद्याची पारख त्याच्या विद्येवरून आणि सचोटीवरून करावी, हा बोध उलेमांनी यातून घेतला आहे. आणि ज्याला वैद्यक येत नाही त्याने उपचार केले, तर होणाऱ्या हानीची जबाबदारी त्याच्यावर येते, हेही हदीसमध्ये आले आहे.

आता शास्त्राचे वास्तव. मूलपेशींचा एक उपचार जगभर मान्य आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातही चार दशकांपासून होतो. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातील ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते. पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या या डॉक्टरांनी शेकडो घरांत पुन्हा आशा आणली. त्या उपचारात निरोगी मगजातील रक्त घडविणाऱ्या मूलपेशी रुग्णाला दिल्या जातात आणि त्या रक्तच घडवितात. त्या आपल्या स्वभावाचे काम करतात, म्हणून उपचार यशस्वी होतो.

त्याच पेशी मूत्रपिंडात टोचल्या म्हणून नेफ्रॉन उभे राहत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच मर्यादा घालून दिली आहे. रक्ताशी निगडित मान्य आजार वगळता मूलपेशींचा वापर हा संशोधनाचा भाग आहे. तो केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. 'उपचार' म्हणून तो विकता येत नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारासाठी किंवा हृदयाच्या निकामी स्नायूसाठी पैसे घेऊन इंजेक्शन देणारे केंद्र या चौकटीच्या बाहेर उभे आहे.

"पण अमुक गावच्या माणसाचे क्रिएटिनिन उतरले," असे कोणी सांगेल. ते खरेही असू शकते. मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा, उदाहरणार्थ जुलाब, सर्पदंश किंवा औषधाच्या दुष्परिणामामुळे झालेली, पुष्कळदा भरून येते, कारण नेफ्रॉनमधील नळ्यांच्या पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकतात. शरीरातील पाणी भरून निघाले तरी आकडा खाली येतो, आणि प्रत्येक डायलिसिसनंतर तर तो उतरतोच. अल्लाहने देहात ठेवलेल्या दुरुस्तीचे श्रेय इंजेक्शनला द्यायचे आणि त्या श्रेयाचे बिल रुग्णाला लावायचे, असा हा व्यवहार असतो. शिवाय हे इंजेक्शन निरुपद्रवी असते, असेही नाही. थायलंडमधील एका खासगी केंद्रात एका महिलेच्या मूत्रपिंडात मूलपेशी टोचण्यात आल्या होत्या. पुढे तेथे गाठी वाढल्या, मूत्रपिंड काढावे लागले आणि अखेर ती दगावली. तिची हकीकत २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

हृदयाची कथा अधिक बोधप्रद आहे. मगजातील पेशी टोचल्यास उंदराच्या हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो, असा दावा २००१ मध्ये अमेरिकेतून झाला आणि जगभर गाजला. पुढे हृदयाच्या स्वतःच्या मूलपेशी सापडल्याचेही जाहीर झाले. इतर प्रयोगशाळांना मात्र तसे काही दिसेना. अखेर २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न ब्रिगम रुग्णालय यांनी पिएरो अ‍ॅन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतून आलेले ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे सांगितले, कारण त्यांत बनावट किंवा फेरफार केलेली माहिती आढळली होती. तोपर्यंत त्या आशेवर जगभर वर्षे आणि पैसा खर्ची पडला होता.

येथे आपल्यातील वक्त्यांना एक नम्र विनंती. प्रत्येक नव्या शोधाला घाईने आयत जोडू नका. २००१ च्या त्या दाव्याला कोणी आयत जोडली असती, तर २०१८ मध्ये त्याने काय उत्तर दिले असते? कुरआन मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे, त्याला प्रयोगशाळेच्या साक्षीची गरज नाही. उलट सूरह बनी इस्राईलमध्ये आपल्याला बजावले आहे की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब द्यावा लागणार आहे. माहितीपत्रकावर विश्वास ठेवण्यापूर्वी ही आयत आठवली पाहिजे.

प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत आपण हात घातला, तो बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले होते. फसविणारा आमच्यातला नव्हे, अशी ताकीद तेव्हा देण्यात आली. आपण वऱ्हाडातली माणसे. गाडीत वर कोरडा आणि तळाशी ओला कापूस भरला, तर व्यापारी हात घालून पाहतो. मग भावाच्या जिवाचा सौदा करताना आपण राशीत हात का घालू नये? तीन प्रश्न विचारा. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आहे का, आणि असल्यास तिचा क्रमांक कोणता? कोणत्या नैतिकता समितीने तिला मंजुरी दिली? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? खऱ्या चाचणीत रुग्ण हा संशोधनाला साहाय्य करणारा असतो. त्याच्याकडून उपचाराची किंमत घेतली जात नाही आणि त्याला इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. या तीन प्रश्नांनी ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्या राशीत ओल आहे.

याचा अर्थ संशोधनाचा मार्ग बंद आहे, असे मुळीच नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून मूत्रपिंडाच्या ऊतींचे इवलेसे नमुने प्रयोगशाळेत वाढविले गेले आहेत आणि जपानमध्ये हृदयस्नायूच्या पातळ चकत्या रुग्णांच्या हृदयावर लावून पाहिल्या गेल्या आहेत. आपल्याच गंगेच्या खोऱ्यात आढळणारा झेब्रा मासा आपल्या हृदयाचा कापलेला भाग पुन्हा वाढवितो. ज्या निर्माणकर्त्याने बोटभर माशाला ही शक्ती दिली, त्याने तिच्यातील बोध मानवासाठी राखून ठेवला असेल, तर नवल नाही. मुस्लिम तरुणांनी या विद्येत उतरावे. हीही एक इबादत आहे.

पेशी कोठून घेतल्या, हा प्रश्नही शरीअतने विचारात घेतला आहे. मक्केतील इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर २००३ च्या अधिवेशनात प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून, नाळेतील रक्तातून किंवा वारेतून संमतीने आणि इजा न करता घेतलेल्या पेशींना परवानगी दिली. केवळ पेशी मिळविण्यासाठी गर्भ निर्माण करणे किंवा जाणूनबुजून गर्भपात करणे मात्र निषिद्ध ठरविले. उद्दिष्ट चांगले असले तरी साधन पाक असावे लागते.

त्या दोघा भावांना मी सांगितले, "एलान करतो, पण या इंजेक्शनसाठी नाही. डायलिसिसला जाण्या-येण्याच्या खर्चासाठी करतो, औषधांसाठी करतो, आणि प्रत्यारोपण ठरले तर त्यासाठीही करतो." रुग्ण जकातीस पात्र असेल, तर ती रक्कम त्याच्या स्वतःच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला आपण सुपर स्पेशालिटी म्हणतो, मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी करावी. त्या घरात आता बहिणीच्या तपासण्या सुरू आहेत आणि ते दोन एकर अजून त्यांच्याच नावावर आहे.

अवयवदानाबद्दल उलेमांत मतभेद आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. आपल्या उपखंडातील काही थोर उलेमांनी देह ही अल्लाहची अमानत असल्याने त्यास मनाई केली. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिली: दात्याला त्याचे जीवन धोक्यात आणणारी हानी होऊ नये, संमती स्वेच्छेची असावी आणि अवयवाचा सौदा होऊ नये. मृत्यूनंतरचे दानही त्यांनी संमतीच्या अटीवर मान्य केले. एक जीव वाचविणे हे जणू सर्व मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, हा सूरह माइदाचा बोध डोळ्यांसमोर ठेवला, तर मला ही दुसरी भूमिका अधिक पटते. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे.

परंतु एका गोष्टीत मतभेदाला जागा नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष अधिक असतात. आई देते, बहीण देते, पत्नी देते. हा त्याग मोठा आहे. पण सून आजारी पडली की तपासणीच्या रांगेत कोण उभे राहते? स्वेच्छेची अट केवळ कागदावरच्या अंगठ्याने पूर्ण होत नाही. दबावाखाली दिलेल्या होकाराचा हिशेब कयामतच्या दिवशी होईल, आणि तेथे रुग्णालयाची समिती नसेल.

शेवटी, जे पुन्हा उगवत नाही त्याची राखण करणे आपल्या हाती आहे. तुझ्या देहाचाही तुझ्यावर हक्क आहे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना दिली होती. त्या हक्काचा अर्थ आज असा: चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. गुडघा दुखला की दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणण्याची सवय सोडावी. मधुमेही व्यक्तीने, आणि ज्यांचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे अशांनी, रमजानचे रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रुग्णाला दिलेली सवलत ही अल्लाहचीच देणगी आहे, ती नाकारण्यात परहेजगारी नाही. आणि खारपाण पट्ट्यातील मशिदींच्या विश्वस्तांनी यंदा मिनाराच्या रंगापूर्वी पिण्याच्या गोड्या पाण्याची सोय करावी. तहानलेल्याला पाणी पाजणे हा श्रेष्ठ सदका आहे. येथे तर ते पाणी औषधही ठरू शकते. ते पाणी भरायला कोण आले, त्याचा धर्म कोणता, हे विचारू नये.

हे अल्लाह, जे आज डायलिसिसच्या खुर्चीवर आहेत, ज्यांचे हृदय थकले आहे, त्यांना शिफा दे आणि सब्र दे. त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे. संशोधकांना खरी विद्या दे आणि ती सांगण्याचे खरेपण दे. आम्हाला निराशेपासून वाचव आणि आशेच्या बाजारापासूनही वाचव. जे तू एकदाच दिले आहेस, ते जपण्याची बुद्धी आम्हाला दे. आमीन.